अक्काच्या सुताच्या गाठी

"लाजू नगं पिल्ला, फडकं दाव."

आमच्या गल्लीतल्या अक्काचं हे नेहमीचं बोलणं. अक्का साळ्यांची, पिल्ला म्हंजी त्यांच्या तेलगूत पोरगी. अक्काचं खरं नाव मला ठाव न्हाई, समदी अक्काच म्हणायची. दिवसभर मागवाल्यांच्या कांड्यांवर सूत भरायची, आन् कुटं बाई अडली की तशीच उठून जायची, पदराला सूत चिकटलेलं. तुमी बगितली असती तर म्हणला असता, ही काडीवाणी बाई काय बाळंतपण करणार! पण हात बगायला पायजे हुते तिचे.

मला आई न्हाई, म्हणून पैलं बाळंतपण सासरीच झालं. गिरणीच्या सकाळच्या भोंग्याला अक्काच्या हातनं पोरगा झाला, वार पडली, आत्याबाई, म्हंजी माझी सासू, साखर वाटायला गेल्या.

आन् माझं रगात थांबंना.

मी काय केलं, भिजलेलं फडकं बाजेखाली सारायचं, दुसरं घ्यायचं, तेबी सारायचं. बोलाय भ्याले. आत्याबाई म्हणतील, पैल्याच दिशी एवढी लुगडी नासली. त्या तर आदीच म्हणल्या हुत्या, "विटाळाचं रगात, जाईल तेवढं बरं." मला वाटलं, असंच असतंय.

अक्का हात धुवून निघाली हुती. दारातनं माघारी आली, माझ्या तोंडाकडं बगितलं.

"फडकं दाव."

"एकच झालंय अक्का."

ती वाकली, बाजेखालनं समदी ओढून काढली. तेलगूतनं शिवी दिली. कळली न्हाई, पण बरं वाटलं बगा. मग पदराचं सूत तोडून, एका फडक्यामागं एक, अशा त्या सुताला गाठी मारल्या. तिची ही रीतच हुती, किती येळात किती गाठी झाल्या ते बगायची. गाठी झाल्या सात. आत्याबाई साखर वाटून आत आल्या तर त्यांच्या नाकाम्होरं सूत धरलं.

"एवढ्यात सात! ह्ये विटाळाचं न्हाई, तिचं हाय. तीच चाललीया."

माझ्या मालकाला टांगा घेऊन डाक्टरीणबाईकडं पळवलं. मला आदी भांड्यावर बसवून लघवी करवली, आन् बेंबीखाली पोट असं चोळाय लागली की मी वरडलेच.

"वरड. पोराला पाजाय घे."

आत्याबाई आडव्या आल्या. "तीन दिस चीक पाजत न्हाईत आमच्यात!"

"आन् सुना मरू देत्यात व्हय तुमच्यात?"

आत्याबाईंनी पोर उचलून माझ्या छातीला लावलं. पोरानं वढलं आन् पोटात कळ आली, लई मोठी. अक्का म्हणली, "आता पोट दगडावाणी झालं बग, रगात आटंल!"

पण हात काढला न्हाई तिनं. माझं डोळं मिटाय लागलं.

"मिटू नगं! साळंत गेलीयास की, पाढं म्हण."

मी चवथीपत्तुर शिकलेली. बे एकं बे पासनं धरलं. दम लागायचा, थांबले की ती बोटं रुतवायची. तेराच्या पाढ्यात मी उगंच कायतरी पुटपुटले. तिला एक पाढा येत न्हवता, तरी म्हणली, "चुकलं. परत म्हण!"

डाक्टरीणबाई आल्या, सुई टोचली, फडकं बगितलं. "हिनं पोट दाबून धरलं नसतं तर मी उगीच आले असते," म्हणल्या. अक्का म्हणली, "मी काय केलं? पोरगीनं तसल्या वक्ताला तेरापत्तुर पाढं म्हणलं." पुढं सव्वा म्हैना मी अळिवाची खीर खात पडून हुते, आन् अक्का समद्या गल्लीला तेच सांगत हुती. म्हंजी मी काय मोठी लढाई मारून आले! खरं सांगते, ऐकून मला तसंच वाटायचं.

औंदा तापानं अक्का गेली. तिच्या दारात एवढ्या लेकुरवाळ्या जमल्या की खांदेकऱ्यांना वाट मिळंना. आत्याबाई माझ्या पोराला कडंवर घेऊन पार म्होरं घुसल्या. एक म्हातारा खेकसला, "तुमी मराठ्याच्या, साळ्यांच्या मयताला? कोण लागती तुमची ही?"

"लागती म्हंजी?" आत्याबाई म्हणल्या. "माझी सून जन्माला घातली हिनं. सरका तिकडं."

आन् वाकून पोराचं डोकं अक्काच्या पायावर टेकवलं.