वहिनीच्या डोळ्यांखालची सूज

गावी गेलो, तेव्हा वहिनीच्या डोळ्यांखाली पिशव्या आलेल्या दिसल्या. मी लगेच म्हणालो, "वहिनी, मीठ कमी कर, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेव आणि पुरेशी झोप घे."

अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईला भरवता भरवता ती हसली. "भावोजी, यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते."

ती तक्रार करत नव्हती, म्हणूनच मला जास्त लागलं. आई माझीही होती. वर्षभर जागत मात्र वहिनी होती.

दुपारी ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली. आईने हाक मारली, तीही तिलाच. मी धावत गेलो आणि नुसताच उभा राहिलो.

"खांद्याखाली हात घाल," आईच म्हणाली, "आणि हळू वळव."