दाण्याचा मधला रंग

लग्नाला बावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात टोकवालीने नवऱ्याचं तोंड जितकं पाहिलं, त्याहून जास्त त्याची पाठ पाहिली. कामच तसं होतं.

दोघं गोड गोळ्यांच्या कारखान्यात होती. एरवी तिथे साध्या गोळ्या व्हायच्या, पण उन्हाळा ओसरला की लांब टेबल घासूनपुसून निघायचं आणि 'दाणा' सुरू व्हायचा. मक्याच्या दाण्याएवढी गोळी, टोक पांढरं, मध्ये नारिंगी, बूड पिवळं. झाडं पानं टाकू लागली की ती दुकानांच्या बरण्यांत दिसायची आणि झाडं बोडकी झाली की गायब. कुणी म्हणायचं, कारखान्याच्या पहिल्या मालकाला मक्याची कापणी बघून ती सुचली. मुकादम उडवून लावायचे. "सुचतंय कसलं! तीन पातेल्यांत तीन रंग उरले होते, टाकवेनात म्हणून एकावर एक ओतले. शुद्ध चिक्कूपणा." खरं-खोटं तो मालक जाणे.

लाकडी ट्रेमध्ये मक्याचं मऊ पीठ सपाट करायचं, त्यावर टोकदार खुंट्यांची फळी दाबली की ओळीने खळगे. साखरेचा पाक घोटून घोटून लोण्यासारखा करायचा, त्यात रंग घालायचा आणि तोट्यांच्या जड डब्यातून गरमगरम खळग्यांत सोडायचा. ओतणारे तिघं. तिघंही टेबलाच्या कडेने उलटं चालणार, कारण सरळ चाललं तर आपण ओतलेल्यावर आपलीच बाही लागते. टोक खळग्याच्या तळाशी, म्हणून पांढरा रंग पहिला. तो हिचा, म्हणून ही टोकवाली. मागून नारिंगी. तो हिच्या नवऱ्याचा, आणि सगळा कारखाना त्यालाच 'नारिंगी' म्हणायचा. शेवटी पिवळा ओतणारा, ढेरपोट्या आणि तोंडाळ.

म्हणजे व्हायचं असं, की ही उलटी चालत पुढे जायची आणि हिच्या दिशेने नवऱ्याची पाठ पावलापावलाने जवळ यायची.

"वहिनी, बाकीच्या बायका नवऱ्याचं तोंड बघून विटतात," पिवळ्या म्हणायचा. "तुमचा संसार टिकणार!"

"आणि तुमच्या बायकोने काय बघून टिकवायचा? पोट?"

"पोटाआड बाकीचं दिसत नाही ना, तेच बरंय!"

नारिंगी हसला की त्याची पाठ हसायची. उजवा खांदा चढला की समजावं, स्वारी चिडलीय. डबा बदलताना मान दोनदा मोडली की कंबर धरलीय. घरी गेल्यावर ही न विचारता पाणी तापवायची.

सगळ्यात नाजूक काम मधल्या रंगाचं. पांढरा पातळ असतानाच नारिंगी पडला तर दोन्ही कालवतात. पांढरा थंड झाल्यावर पडला तर दाणा दिसतो छान, पण वाळला की सांध्यात तुटतो. मधे चार श्वासांची जागा. ती जागा टोकवाली बरोबर पकडायची आणि हाक द्यायची, "चला!" टेबलाच्या टोकाला, "थांबा!" बावीस वर्षांत दोनच शब्द, पण सांधा कधी सुटला नाही.

मग गेल्या वर्षी नारिंगी घरातल्या घरात चौकटीला धडकला. चार दिवसांनी बाजूला ठेवलेल्या बादलीला.

"अहो, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतं की. समोरचं दिसतं."

"आणि बाजूचं?"

त्याने तिच्या हातातली एक बांगडी काढून तिच्या डोळ्यापुढे धरली. "हिच्यातून बघ. आतलं स्वच्छ आहे ना? बाहेरचं नाहीच, असं समज. डॉक्टर म्हणाले, बांगडी लहान लहान होत जाणार. औषध नाही."

"मला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आलात?"

"आता सांगितलं ना. कुणाजवळ बोलू नकोस. हात शाबूत आहेत माझे, खळगे दिसतात."

"आणि पाठीमागे कुणी उकळत्या पाकाची गाडी आणून लावली तर?"

"पाठीमागे तू आहेस ना! तू सांग."

त्या दिवसापासून तिने आकडे सुरू केले. टेबलावर बारा ट्रे, म्हणून बारा हाका. "चला. एक... दोन... तीन, जरा आत व्हा... चार." मुकादमांनी विचारलं, "हे काय नवीन?" ही म्हणाली, "लय सापडते." पिवळ्याने त्याला चाल लावली. तो हंगाम निभावला. नारिंगी तिच्या आवाजावर पाठ टाकून चालायचा, भिंतीला टेकावं तसा.

यंदा पानगळ तोंडावर असताना तिचा घसा बसला. नुसता नाही, पार बसला. सकाळी उठून "अहो" म्हणायला गेली तर वारा बाहेर पडला.

"आज घरी थांबा," ती कुजबुजली.

"ऐन गर्दीत? नारिंगी कोण ओतणार, पिवळ्या?"

"मला हाक देता येणार नाही."

"पाय आपट."

"त्या यंत्रांच्या घरघरीत पाय ऐकू येईल?"

"मग मी मोजतो मनात. बारा तर आहेत! अगं, हाच हंगाम. पुढच्या वर्षी मीच सोडणार आहे, मीच जाऊन सांगणार आहे मुकादमांना. माझ्या तोंडाने. एवढं होऊ दे."

दोघं कारखान्यात पोचली. तो डबा आणायला गेला तेवढ्यात ती मुकादमांच्या खोलीत शिरली आणि जेवढा आवाज उरला होता तेवढा वापरून सगळं सांगून टाकलं. मुकादम खुर्चीतून उठले. "दोन हंगाम? बाई, उकळता पाक असतो तो!"

टेबलापाशी तिघांची जागा ठरलेली. मुकादम सरळ तिथे गेले.

"नारिंगी, डबा खाली ठेव."

"का?"

मुकादमांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. ते कुठे बघतायत हे शोधायला नारिंगीला अख्खी मान फिरवावी लागली. हळूहळू, इंचाइंचाने, तिला त्या बांगडीत आणेपर्यंत. सगळे बघत होते. आपण त्याच्या बांगडीत आलो, ते तिला कळलं.

"तू?" तो म्हणाला.

तिच्याकडे उत्तर होतं, पण आवाज नव्हता.

पाचव्या दिवशी आवाज परत आला. नारिंगीच्या जागी पॅकिंगमधला एक जाणता गडी आला होता. हिच्या तोंडून सवयीने निघालं, "चला. एक... दोन..."

"वहिनी," तो गडी मागे न बघता म्हणाला, "दिसतंय मला."

त्यानंतर तिने एकही हाक दिली नाही.

घरी तो चिडत नव्हता. मीठ मागायचा, पाणी मागायचा. बाकी वेळ खिडकीकडे तोंड करून खुर्चीत. एकदा तिला राहवलं नाही.

"अहो, भाजला असतात तर?"

"भाजलो असतो."

"मग?"

"मग भाजून घरी आलो असतो. असा आलो नसतो."

दाण्याचा शेवटचा दिवस अर्ध्या वेळेचा असायचा. ती दुपारी घरी आली आणि ओंजळभर दाणे त्याच्या हातावर ठेवले. त्याने एक घेतला. डोळ्यांशी नेला नाही. नखाने सांधा चाचपला, हलकेच दाबला. टचकन दोन तुकडे झाले.

"उशिरा पडलाय. हाक दिली नाहीस त्याला?"

"त्याला दिसतं, म्हणाला."

"दिसण्याने कळतं होय ते," नारिंगी म्हणाला. तिला वाटलं, आता वळेल. त्याने दोन्ही तुकडे खिडकीच्या कट्ट्यावर एकमेकांजवळ ठेवले आणि हात मांडीवर घेतला.

ती दारात उभी होती. पाठ तीच होती. मानेजवळचा तीळ, खाली आलेले खांदे. उजवासुद्धा चढलेला नव्हता.

"चला," ती हळूच म्हणाली.

पाठ हलली नाही.

"एक."

खाली रस्त्यावर कुणीतरी वाळकी पानं झाडत होतं.

"दोन... तीन..."

ती मोजत गेली, न चुकता, कामावर मोजायची तशीच. पाठ होती तिथेच राहिली. बारा झाले. बारा झाले की 'थांबा' म्हणायचं असतं. ते मात्र तिला म्हणवेना.