रक्तातला दोष

मागच्या रविवारी फोनवर तू सहज म्हणालीस, "आजी, लग्नाआधी आम्ही दोघांनी सगळ्या टेस्ट करून घेतल्या, गुप्तरोगांच्यासुद्धा." तुझा भाऊ मागून हसला. मी घाईने हवेचा विषय काढला. तेव्हापासून एक मुलगी मनातून जात नाही, म्हणून तुम्हा दोघा भावंडांसाठी हे लिहिते.

नव्वदच्या दशकात आम्ही सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये नवीन राहायला आलो होतो. खालच्या मजल्यावर साताऱ्याकडचं कुटुंब होतं. सासू, मुलगा आणि गरोदर सून. सून पहिलटकरीण. गरोदर बायकांचं रक्त तपासतात त्यात तिचं काहीतरी निघालं, आणि डॉक्टरांनी सोबत कोणालातरी आणायला सांगितलं. ती सासूला न सांगता माझ्याकडे आली. "काकू, तुमाला इंग्लिश येतं. चला ना."

वाशीच्या त्या डॉक्टर दक्षिणेकडच्या होत्या, मराठी मोडकंतोडकं. मी इंग्रजीत बोलले आणि त्यांना हायसं वाटलं. मग सगळं बोलणं आमच्या दोघींतच झालं. ती मधे बसून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

डॉक्टर म्हणाल्या, पहिली तपासणी फक्त संशय दाखवते. गरोदरपणात ती कधी कधी उगाचच पॉझिटिव्ह येते. म्हणून त्यांनी दुसरी, नेमक्या त्याच रोगाची तपासणी केली होती. तीही पॉझिटिव्ह आली. सिफिलिस. त्यांनी तिचे तळहात पाहिले, आत नेऊन तपासलं. अंगावर कुठेच काही नव्हतं. सुरुवातीची जखम दुखत नाही, आपोआप भरते, रोग मात्र रक्तात राहतो, असं त्यांनी मला समजावलं. दर आठवड्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन, न चुकवता. नवऱ्याचं रक्तही तपासायचं. खंड पडला तर मूल पोटातच दगावू शकतं, किंवा रोग घेऊन जन्मतं.

"तिला सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

इंग्रजीत मी हे सगळं न लाजता ऐकलं होतं. मराठीत मला एकच शब्द ठाऊक होता, गरमी, आणि तो मी फक्त शिवीसारखा ऐकलेला. तो तोंडातून निघेना. मी म्हटलं, "तुझ्या रक्तात दोष आहे गं."

"माझा दोष?" तिने विचारलं. "मी काय केलं, काकू?"

मी म्हटलं, काही नाही, इंजेक्शनं घे, बाळ चांगलं होईल. आधी हातावर औषध टोचून रिअ‍ॅक्शन येते का पाहिलं, मग त्यांनी पहिलं इंजेक्शन दिलं.

चार दिवसांनी तिच्या सासूबाई माझ्याकडे आल्या. "वहिनी, पोरीनं सांगितलं, दोष निघालाय म्हणून. मला वाटतच होतं. त्यांच्या घरात कुणाचं तरी श्राद्ध करायचं राहिलंय. उद्या तिला माहेरी धाडते. शांती करतील, बाळंतपणही तिकडंच."

"आणि इंजेक्शनं?"

"दोषाला इंजेक्शन कसलं?"

मी त्यांना चहा दिला. खरं सांगितलं नाही. त्या गेल्यावर दाराशी उभी राहिले आणि त्यांचा मुलगा कामावरून येताना दिसल्यावर खाली उतरून त्याला जिन्यातच थांबवलं. त्याच्यापाशी मी तो शब्द उच्चारला, गरमी. तिच्यासमोर तोंडातून निघाला नव्हता तोच.

तो पायरीवर बसला. म्हणाला, "लग्नाआधी झालं होतं. एक फोड. दुखला नाय काकू, आपोआप गेला."

"उद्या ती माहेरी गेली आणि इंजेक्शनं चुकली तर बाळ जाईल," मी म्हटलं.

मी त्याच्यामागे त्यांच्या घरात गेले. सासूबाई पिशवीत नारळ भरत होत्या. तो म्हणाला, "आई, ती जाणार नाय. दोष माझ्या रक्तात हाय."

"तुझी पत्रिका मी स्वतः दाखवलीय," त्या म्हणाल्या. "तुझ्यात कसला दोष?"

तेव्हा त्याने आईला तो शब्द सांगितला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्यावरून नजर हटवली नाही. सासूबाईंनी पिशवीतले नारळ एकेक करून परत काढले.

दोघांची इंजेक्शनं पूर्ण झाली. मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं. आईचा अंश बाळाच्या रक्तात काही महिने दिसतो, म्हणून तो उतरेपर्यंत परत परत तपासलं. शेवटच्या रिपोर्टला मीही गेले होते. डॉक्टर सवयीने माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलू लागल्या. मी म्हटलं, तिच्याशी बोला.

त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "बाळ एकदम क्लीन."

"आणि मी?" तिने विचारलं.

तीही बरी झाली होती. पण ती दुसरी, नेमक्या रोगाची तपासणी रोग गेल्यावरही बहुतेक आयुष्यभर पॉझिटिव्ह येते. हे डॉक्टरांना मराठीत नीट सांगता येईना. तिने पुन्हा विचारलं. त्या पुन्हा अडखळल्या. ती माझ्याकडे वळली नाही. मुलीला खांद्यावर घेऊन ती डॉक्टरांच्याच तोंडाकडे बघत राहिली, आणि मला सगळं कळत असूनही मधे बोलायचा धीर झाला नाही.