वर्गातली ग्रामसभा

आज सकाळी पनवेलच्या एसटी स्टँडवर प्रदूषणाविरोधातली पत्रकं वाटताना तळोज्याच्या कारखान्यांकडून तो सडक्या अंड्यांचा वास आला आणि मी मनाने थेट नववीच्या वर्गात जाऊन बसलो.

त्या दिवशीही खिडकीतून हाच वास येत होता. तपासणीला साहेब आलेले, म्हणून नागरिकशास्त्राच्या सरांनी वर्गात ग्रामसभा बसवली होती. कोणी काय विचारायचं तेसुद्धा सरांनीच घोकवून घेतलेलं. सरपंच होता प्रतीक, गावच्या खऱ्या सरपंचाचा मुलगा.

मध्येच कातकरवाडीची सुनीता उठली. "आमच्या बोरिंगच्या पान्याला असाच वास येतो. आमी प्यायचं काय?"

प्रतीक बापासारखाच खुर्चीत रेलला. "हा विषय आज पत्रिकेवर नाय. पुढच्या सभेला बघू. बस खाली."

साहेब खूश. "वा! शिकलेलं व्यवहारात कसं उतरवतोय बघा."

टाळ्या पडल्या. तेव्हा आम्हाला प्रतीक हुशार वाटला होता, आज त्या टाळ्यांची किळस येते. ग्रामसभा कशासाठी असते हे त्या वर्गात एकट्या सुनीताला कळलं होतं, आणि सरांनी शिस्तीचे गुण कापले ते तिचेच. वाडी अजून तेच पाणी पिते.