एकोडीचा इंग्रज साहेब जपानच्या खिडकीपुढे

एकोडीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, आमची मंडळी दरवर्षी नाटक करायची आणि त्यात इंग्रज साहेब असला की ती भूमिका माझीच. मी गोरा होतो म्हणून नव्हे. साहेबाची टोपी फक्त माझ्या डोक्याला बसायची. "यू फूल! गेट आउट!" असं मी गरजलो की पार मागपर्यंत शिट्ट्या पडायच्या. तेवढ्यावरून 'कैलाशले इंग्रजी येते' असं गावानं ठरवून टाकलं. गावाचं सोडा, हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं.

साकोलीची राइस मिल सोडून मी दुबईला तांदळाच्या कारखान्यात लागलो, त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी मालकानं तांदळातले काळे दाणे निवडणारी जपानी मशीन घेतली. ती शिकायला एक माणूस जपानला पाठवायचा होता.

"इंग्रजी कोणाला येतं?" मालकानं विचारलं.

मी विचार करायच्या आधीच माझा हात वर गेला होता.

मला वाटलं, व्हिसासाठी आधी भारतात जावं लागेल, त्या निमित्तानं चार दिवस घरचं जेवण. पण कंपनीत कागदपत्रांचं काम बघणारा धर्मेंद्र, आमच्या पवनीचाच, म्हणाला, "घरी कायले जातेस? तुले इथं राहाचा परवाना हाय ना? मंग इथल्याच वकिलातीत अर्ज कर."

म्हणजे माणूस भंडाऱ्याचा, राहणार अरबांच्या देशात आणि परवानगी मागणार जपानची. हे मी माझ्या बायकोला, रुखमिणीला, फोनवर अशा थाटात सांगितलं, जणू तिन्ही सरकारांनी बैठक घेऊन माझंच नाव काढलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "जेवले का?"

वकिलातीत मी धर्मेंद्रचा कोट घालून गेलो. तो काखेत इतका घट्ट होता की हात अंगापासून लांब धरून, बदकासारखं बसावं लागलं. खिडकीमागे एक जपानी बाई होत्या. हळू आवाजात, अदबीनं इंग्रजी बोलत होत्या. माझं इंग्रजी सगळं ओरडायचं; हळू बोललेलं मला कळेचना.

नाव, गाव, काम इथवर निभलं. मग त्यांनी काहीतरी लांबलचक विचारलं. त्यातलं 'वर्क' तेवढं समजलं. मी छाती काढून म्हणालो, "येस मॅडम!"

त्यांनी पुन्हा विचारलं. मी आणखी जोरात, "येस!"

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आतून हिंदी येणाऱ्या एका माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम पूछ रही हैं, वहाँ जाकर नौकरी तो नहीं पकड़ोगे? आप दो बार बोले, पकड़ूँगा."

आता काहीही करून नाही म्हणायचं होतं. घाबरला की माणसाच्या तोंडून पाठ केलेलंच बाहेर पडतं. मी उठून उभा राहिलो आणि मंडईतल्या आवाजात ओरडलो, "नो! नेव्हर! गेट आउट!"

मला म्हणायचं होतं, काम संपलं की मी तिथून लगेच बाहेर पडेन. दारावरचा शिपाई मात्र माझ्याकडे चालत आला.

मी मुकाट्यानं खाली बसलो. कोटाची शिवण टर्रकन उसवली. मग हिंदीत सरळ सांगितलं: मशीन शिकायची आहे, परत इथंच यायचं आहे, आणि दिवाळीला गावी जायचं आहे, तिथं म्हातारी आई आहे, बायको आहे, मुलगी टीना बारावीला आहे. तो माणूस बाईंना समजावत गेला. बाई मान हलवत होत्या.

शेवटी त्यानं विचारलं, "हिंदी इतनी अच्छी है, तो अंग्रेज़ी में क्यों बोल रहे थे?"

मी उसवलेली काख दाबून धरत पासपोर्ट पुढे सरकवला.

खोलीवर येऊन रुखमिणीला सगळं सांगितलं. ती हसून हसून बेजार झाली. "अजी, तिथं का मंडई होती? साहेब कायले बनले तुमी?" टीनानं तर मला ते चार शब्द पुन्हा म्हणायला लावले.

आठवडाभर माझा जीव टांगणीला होता. मग पासपोर्ट आला, आत व्हिसा चिकटवलेला. जपानला गेलो. मशीन शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, त्यामुळे आमचं फार छान जमलं. त्यानं हातानं दाखवावं, मी करावं, चुकलो की त्यानं कपाळाला हात लावावा. मशीन चांगली शिकून आलो.

परत आल्यावर मालकानं विचारलं, "कसं आहे तिकडच्या लोकांचं इंग्रजी?"

"जरा कच्चं आहे," मी म्हणालो.