खोटं बोलणारं कार्ड आणि वंदूताई

वंदूताई गेली तेव्हा मी वाशीमजवळच्या मालेगावला कॉलेजात तास घेत होतो. शिपाई दारात येऊन उभा राहिला, आणि त्याच्या तोंडाकडे पाहूनच मी खडू खाली ठेवला. वाशीमहून आईचा फोन होता. "अरुण, ये बापा... डायलिसिस चालू होतं, तिथंच गेली," एवढंच ती बोलली. जऊळक्याला, आमच्या मूळ गावी, माती दिली, जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले. मग मला आठवलं की अजून काही लोकांना कळवायचं राहिलं आहे. ताईने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनीही तिला पाहिलं नव्हतं. पण पंधरा-सोळा वर्षं ती रोज त्यांच्याशी लिहून बोलायची, भांडायची. मी मराठीचा मास्तर. एकाने लिहिलेलं सगळ्यांना पोचावं म्हणून त्यांची एक सामाईक ईमेल-यादी आहे, तिच्यावर माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार ओळी पाठवल्या. उत्तरं आली, नाही असं नाही. पहिलं उत्तर असं होतं, "ऐकून वाईट वाटलं. त्यांच्याकडे तपासायला आलेल्या दुरुस्त्या आता कोण पाहणार?"

ताई काय करत होती हे आमच्या गावात कुणाला नीट सांगता आलं नाही, शोकसभेतही नाही. एक पुढारी तर म्हणाले की वंदनाताईंनी ग्रामीण भागात कॉम्प्युटर रिपेरिंग नेलं. ती जिवंत असती तर तिथल्या तिथे उठून त्यांना गप्प बसवलं असतं. वडील जऊळक्याच्या रेल्वे लाईनवर गँगमन होते. त्यांच्या पगारावर ताई अमरावतीला इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली. ही कंपनी नेटवर्क कार्ड बनवायची. संगणकाला इंटरनेटची तार जिथे जोडतात, तो भाग. ते कार्ड नुसतं बसवून चालत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात, त्या कार्डाची भाषा जाणणारा कोड लागतो. तोच ड्रायव्हर. त्या एका कार्डाचा ड्रायव्हर ताईने लिहिला होता. कर्नल जगभर सगळ्यांना फुकट खुला असतो आणि त्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला एक सांभाळणारा असतो. या ड्रायव्हरपुढे ताईचं नाव होतं.

पुढे कंपनीने ते कार्ड बनवणं बंद केलं. त्याच सुमारास ताईच्या किडन्या गेल्या, आणि कंपनीने गोड भाषेतलं पत्र देऊन तिलाही मोकळं केलं. ती मालेगावला माझ्याकडे आली, आईसह वरच्या खोलीत राहू लागली. पोटापुरती बाहेरची कामं घरूनच करायची. पण ड्रायव्हर तिने सोडला नाही. कर्नल सतत बदलतो, त्यामुळे जुना ड्रायव्हरही सतत दुरुस्त करावा लागतो, नाहीतर एक दिवस तो चालेनासा होतो. या कामाचं तिला कुणी काही देत नव्हतं. मी एकदा विचारलं, "ताई, कंपनीनं टाकलं ते. तू कायले मरून राह्यली?" ती म्हणाली, "त्याच्यावर नाव माह्यं हाये. बिघडलं तं शिव्या मले पडतात, कंपनीले नाई." ताई प्रेमळबिमळ नव्हती. कुणी अर्धवट दुरुस्ती पाठवली की असं उत्तर लिहायची की समोरच्याने पुन्हा तोंड वर काढू नये. शेजारचे पाटील एकदा कौतुकाने प्रिंटर घेऊन आले, तर दारातूनच म्हणाली, "काका, म्या प्रिंटरची डॉक्टर नाई. बाजारात घेऊन जा."

कारंज्याला तिची एक वर्गमैत्रीण आहे, शोभा. ती तिथल्या एका तपासणी केंद्राचे संगणक पाहते. एक दिवस तिचा फोन आला. एक्स-रे काढायच्या मशीनवर चित्र स्वच्छ दिसतं, पण आतल्या खोलीतल्या डॉक्टरांच्या संगणकावर तेच चित्र गेलं की कधीमधी त्यात एक फिकट आडवी रेघ येते. एका म्हातारीच्या बरगडीवर ती रेघ अशी बरोब्बर पडली होती की डॉक्टरांनी बरगडी मोडली समजून म्हातारीला पट्टा बांधून घरी पाठवलं होतं. दुसऱ्यांदा फोटो काढला, तर बरगडी साबूत. ताई एसटीने कारंज्याला गेली. डायलिसिसचे दिवस सोडून रोज जात राहिली. डॉक्टरांचा संगणक उघडला तर आत तिचंच कार्ड निघालं. तारेतून येणारी माहिती वाटेत बिघडली की नाही, याची पडताळणी ते कार्ड स्वतःच करायचं, म्हणजे संगणकावर भार पडत नाही. पण माहितीचे तुकडे ठरावीक मापाचे आले की कार्ड न तपासताच 'बरोबर आहे' म्हणून सांगायचं. घरी आली तेव्हा तिचे पाय सुजले होते. आईला म्हणाली, "माय, माह्यं कार्ड खोटं बोलून राह्यलं. लोकायच्या हाडाबद्दल खोटं बोलून राह्यलं."

दुरुस्ती चार-सहा ओळींची होती. कार्डावर विश्वासच ठेवायचा नाही, पडताळणी संगणकानेच करायची. वेग थोडा कमी झाला असता, एवढंच. तिने पुराव्यासकट ती यादीवर मांडली. ताबडतोब तिच्या जुन्या कंपनीतल्या एका साहेबाचं उत्तर आलं. आमच्याकडे असं काही आढळलं नाही, वेग घटेल, एका लहान गावातल्या एका जुन्या मशीनवरून सगळ्या जगाचा ड्रायव्हर बदलू नये. कर्नलमध्ये शेवटी काय घ्यायचं ते ठरवणारे वरचे लोक म्हणाले, थांबू या, कंपनीचं मत महत्त्वाचं. मग महिनोन् महिने तेच चाललं. मी वाशीमच्या दवाखान्यात तिच्या सोबत बसायचो. एका हातात सुया, तो हलवायचा नाही, आणि दुसऱ्या हाताने ती एकेक अक्षर टाइप करत त्या साहेबाला उत्तर लिहायची. नर्स ओरडायची, "ताई, बीपी वाढून राह्यलं तुमचं!" "वाढू दे," ताई म्हणायची, "त्याचं बी वाढवतो." कारंज्याचं मशीन तिने स्वतःच्या दुरुस्तीवर चालवून दिलं होतं. तशी बाकीची किती कुठे होती, कुणास ठाऊक...

मग परदेशातल्या कुठल्या मोठ्या गिऱ्हाइकाने कंपनीकडे तीच तक्रार केली. काही दिवसांत यादीवर दुरुस्ती आली. त्याच चार-सहा ओळी. वर नाव त्या साहेबाचं. सोबत टीप, 'आमच्या अंतर्गत चाचणीत आढळलेला दोष.' ताईचा उल्लेख नाही, कारंज्याचा नाही. आणि नियमाप्रमाणे ती आली ताईकडेच, कारण तिने तपासून संमती दिल्याशिवाय ती पुढे जाणार नव्हती. तिने आपली जुनी दुरुस्ती दाखवली. वरच्याने लिहिलं, श्रेयावरून वाद नको, काम पुढे जाऊ द्या. त्या दिवशी ताई जेवली नाही. खिडकीपाशी बसून राहिली, मालेगावचा बाजार पाहत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने संमती लिहून टाकली.

मी भडकलो. "काहून केलं तू असं? अडवायचं होतं त्याले!"

"भांडन माह्यं हाये, अरुण," ती म्हणाली. "एक्स-रे लोकायचे हायेत."

हे वाचून कुणाला वाटेल की तिने मोठ्या मनाने माफ केलं. नाही केलं. शेवटपर्यंत त्या माणसाचं नाव निघालं की तिच्या ओठांच्या कडा पांढऱ्या व्हायच्या. तिच्यात कडूपणा होता, आणि तो तिच्यात लोकांनी भरला होता. आपल्याकडे माणूस मेला की त्याचा राग धुऊन टाकायची पद्धत आहे. मला ती पाळायची नाही.

गेल्या आठवड्यात त्याच कंपनीतून फोन आला. दुसराच कुणी अधिकारी, शुद्ध आर्जवी मराठी बोलणारा. त्या जुन्या कार्डात आता सुरक्षेचा एक नवा दोष निघाला आहे, पण तपासून पाहायला कंपनीकडे ते कार्डच उरलेलं नाही. सगळी भंगारात गेली. मॅडमकडे संग्रह असेल, पाठवलात तर ती त्यांना श्रद्धांजलीच ठरेल... संग्रह आहे. वरच्या खोलीत भिंतीला खिळे ठोकून तिने प्रत्येक प्रकारचं कार्ड सुतळीने टांगलं आहे आणि खाली चिठ्ठी चिकटवली आहे. 'हे तापते.' 'हे हळू चालते.' 'हे खोटं बोलते.' फोन स्पीकरवर होता. आई दाराशी तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने सूप बाजूला ठेवलं, उठून आली आणि फोनजवळ वाकून म्हणाली, "साहेब, ती असती तं तिनं देले असते. म्या नाई देत."

पलीकडून फोन ठेवला गेला.

कार्डं भिंतीवरच आहेत. आई रोज ओल्या फडक्याने भिंत पुसते, कार्डांना मात्र कोरडं फडकं लावते. ताई तसंच करायची. त्या नव्या दोषापायी कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी दवाखान्यात काय होत असेल, हे माझ्या मनात येत नाही असं नाही. त्या अधिकाऱ्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी अजून फोन केलेला नाही.