कंदिलाची उंची

आमच्याकडे विहिरीतला गाळ काढायला उतरण्याआधी पेटता कंदील दोराने खाली सोडतात. तो जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला, तर तळाशी वाईट हवा साचली आहे असं समजून काम बंद. लहानपणी मी एकदा तो विझताना पाहिला. वारा नाही, आवाज नाही. ज्योत नुसती बारीक झाली आणि गेली.

परवा माळावर बोअर घेत होते, पाण्यासाठी नव्हे. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे विहिरीच्या तळाशी साचतो तोच हवेपेक्षा जड वायू, इथल्या काळ्या खडकात कायमचा गाडता येईल का, याची ती तपासणी. तपासणीवरच्या बाईंनी सच्छिद्र खडकाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. "वायू यात मुरतो आणि हळूहळू त्याचाच दगड होतो," त्या म्हणाल्या.

शेजारी गाळ काढणारे सखातात्या उभे होते. त्यांनी विचारलं, "आणि दगड व्हायच्या आधीच वर आला तर?"

"तसं होईल का, तेच तर बघतोय, तात्या."

बाई खरं बोलत होत्या. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. जमिनीत पुरलं की संपलं, असं आपण धरून चालतो; पण पेरलेलं बी जमीन कुठे पोटात ठेवते?

संध्याकाळी तात्यांच्या घरावरून गेलो. घरात वीज होती, तरी कंदील पेटलेला होता. खुंटीवर नाही; खाली जमिनीवर, रांगणाऱ्या नातीच्या उंचीला.

माळात अजून फुंकरभरही वायू गेलेला नाही, हे मला ठाऊक होतं. तरी ज्योत बारीक होते का, ते बघत मी दारातच उभा राहिलो.